मायक्रोस्कोपचा फोटो ‘साफ’ करायचा की नाही?

(नेहमीप्रमाणे हा आपल्या एपिसोडचा लेखी उतारा आहे. लोकलमध्ये रेंज गेली, हेडफोन घरी राहिला, तर इथे वाचा. बोलताना झालेले ‘म्हणजे’, ‘आणि मग’ थोडे कमी केलेत, बाकी सगळं तसंच.)



आजचा विषय एका व्हॉइस नोटमुळे आला. भाईंदरची एक श्रोती आहे, एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. तिचा प्रोजेक्ट खाडीच्या पाण्यातल्या डायटमवर आहे. डायटम म्हणजे एकपेशीय शैवाल. डोळ्यांना दिसत नाही, पण अंगावर काचेसारखं, सिलिकाचं कवच असतं. डबी आणि तिचं झाकण, असे त्या कवचाचे दोन भाग. त्यावर इतक्या बारीक रेघा आणि छिद्रं असतात की पहिल्यांदा बघणारा गप्पच होतो.

तर ही मुलगी जेसल पार्कच्या चौपाटीवरून पाण्याचे नमुने आणते, कॉलेजच्या मायक्रोस्कोपखाली ठेवते आणि आयपीसला मोबाइल लावून फोटो काढते. एक फोटो तिला मस्त मिळाला. फक्त डायटमच्या अगदी शेजारी हवेचा एक बुडबुडा आला होता. काळं, जाड वर्तुळ. सिनिअरने बघितलं आणि म्हणाला, “अगं, फोनमध्ये इरेजर आहे ना? पुसून टाक. दोन सेकंदांचं काम. आणि जरा शार्प कर, छान दिसेल.”

तिचा प्रश्न असा: “दादा, सेल्फीतला पिंपल आपण पुसतोच की. मग बुडबुडा पुसला तर काय बिघडलं? मी निकाल थोडाच बदलतेय?”

प्रश्न अगदी बरोबर आहे. शेवटी तिला उत्तर देऊच, पण आधी जरा २०२० मध्ये जाऊन येऊ.

एक फोटो सगळ्यांनी पाहिला, दुसरा कुणी नाही

कोरोना विषाणू डोळ्यांसमोर आणा. काय दिसलं? करडा गोळा आणि त्यावर लाल तुरे, बरोबर? टीव्हीवर, बेस्टच्या बसवर, सोसायटीच्या नोटिशीवर, सगळीकडे तेच. पण तो फोटो नाहीच. ते चित्र अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेतल्या ॲलिसा एकर्ट आणि डॅन हिगिन्स या दोन चित्रकारांनी जानेवारी २०२० मध्ये कॉम्प्युटरवर तयार केलं. लोकांचं लक्ष वेधावं म्हणून तुरे लाल केले. त्यात चूक काहीच नाही, कारण ते चित्र म्हणूनच दिलं होतं.

आता दुसरा फोटो. हा आपल्या पुण्यातला. मार्च २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने, म्हणजे एनआयव्हीने, ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये एक छोटासा लेख छापला. भारतातल्या पहिल्या कोरोना रुग्णाच्या घशातल्या स्वॅबमध्ये दिसलेला विषाणू, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने टिपलेला. केरळमधला तो रुग्ण ३० जानेवारी २०२० रोजी जाहीर झाला होता, आठवत असेल.

हा फोटो कसा आहे? करडा. थोडा धूसर. आजूबाजूला डागडुग. मधे एक गोल आणि त्याच्या कडेला बारीक देठांवर बोंडं असावीत तसे उंचवटे. इन्स्टाग्रामवर टाकला तर दहा लाइक मिळणार नाहीत. पण तुम्हाला मायक्रोस्कोपचा फोटो छापायचा असेल, तर शिकायचं या करड्या फोटोकडून.

कारण त्या लेखाने फोटोबरोबर काय काय सांगितलंय बघा. नमुना कुठला, तर घशाचा स्वॅब. तयारी कशी केली, तर आधी ग्लुटाराल्डिहाइडने विषाणू स्थिर केला, मग टंगस्टन असलेल्या रसायनाने आजूबाजूचा भाग गडद केला, म्हणजे विषाणू उठून दिसावा. मायक्रोस्कोप कुठला, किती व्होल्टेजवर चालवला, कॅमेरा कुठला. असे कण किती दिसले? सात. त्यातला एक चांगला शाबूत होता, तो ७५ नॅनोमीटरचा, आणि त्याचे उंचवटे १५ नॅनोमीटरहून थोडे जास्त. शिवाय हा नमुना पीसीआर चाचणीतही पॉझिटिव्ह होता. म्हणजे ‘फोटोत दिसतंय म्हणून माना’ असं म्हटलेलं नाही, दुसरा पुरावा हातात आहे.

ही सगळी माहिती दिली, म्हणून तो फोटो पुरावा ठरतो. ती काढून घेतली तर उरतो एक करडा ठिपका.

आजच्या एपिसोडमधलं एक वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: संशोधनातला फोटो हे एक मोजमाप आहे. थर्मामीटरवर ९९.४ आलं तर आपण ‘९९ छान दिसतं’ म्हणून खोडत नाही. तसंच.

आता एकेक नियम घेऊ.

पहिला: मोजपट्टी हवीच

पुष्कळ प्रोजेक्टमध्ये फोटोखाली लिहिलेलं असतं, ‘४०० पट मोठा’. आयपीस १० चा, ऑब्जेक्टिव्ह ४० चा, गुणाकार ४००. वाटतं, झालं काम.

नाही झालं! तोच फोटो तुमच्या मोबाइलवर सहा सेंटिमीटरचा, लॅपटॉपवर वीसचा, वर्गातल्या प्रोजेक्टरवर दोन मीटरचा. मग ४०० पट नेमका कुठे? बोटांनी झूम केलं की त्या आकड्याला अर्थच राहत नाही.

म्हणून फोटोच्या आतच एक छोटी रेघ काढतात आणि सांगतात, ही रेघ म्हणजे १० मायक्रोमीटर. हिला स्केल बार म्हणतात. गुगल मॅपच्या कोपऱ्यात असते ना, ‘२०० मीटर’ लिहिलेली रेघ, तीच कल्पना. फोटो कितीही ताणा, रेघ बरोबर ताणली जाते.

आकाराचा अंदाज यावा म्हणून सांगतो. आपला केस ढोबळमानाने ७५ मायक्रोमीटर जाड धरा. एनआयव्हीच्या फोटोतला विषाणू ७५ नॅनोमीटर. म्हणजे एका केसाच्या जाडीत असे हजार विषाणू ओळीने बसतील. स्केल बार नसेल तर फोटोत केस आहे की विषाणू, हे नवख्याला कळणार कसं?

डायटमवाल्यांना तर ही रेघ आणखी गरजेची. कारण जात ओळखताना ते मोजतात, दर १० मायक्रोमीटरमध्ये किती रेघा आहेत. स्केल बार चुकला तर जातीचं नावच चुकेल.

मोबाइलने फोटो काढणाऱ्यांसाठी युक्ती: कॉलेजमध्ये स्टेज मायक्रोमीटर नावाची काचपट्टी असते. साधारण एक मिलिमीटरचे शंभर भाग केलेले, एकेक भाग १० मायक्रोमीटरचा. तुमचा नमुना ज्या लेन्सने आणि फोनच्या ज्या झूमवर टिपला, अगदी त्याच झूमवर या पट्टीचाही फोटो काढा. मग फिजी नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये तो उघडून स्केल ठरवा. मधे झूम बदललात तर गणित परत पहिल्यापासून.

दुसरा: उजेड वाढवा, पण सगळ्यांचा सारखा

“म्हणजे ब्राइटनेसला हातच लावायचा नाही का?” लावायचा की. अंधुक फोटो उजळ करणं हा गुन्हा नाही. अट दोन गोष्टींची. बदल पूर्ण फोटोवर व्हायला हवा, एखाद्या कोपऱ्यावर नाही. आणि ज्या दोन फोटोंची तुलना करताय, त्या दोघांवर सारखाच व्हायला हवा.

समजा, औषध दिलेल्या पेशी आणि न दिलेल्या पेशी. दोन्हींत एक प्रथिन हिरवं चमकतंय. औषध दिलेला फोटो थोडा उजळ केला, दुसरा तसाच ठेवला, की लगेच ‘औषधाने प्रथिन वाढलं’! वाढलं कुठे? स्लायडर सरकला. म्हणून फोटो घेतानाही एक्स्पोजर दोन्हींना सारखं ठेवायचं.

अजून एक. उजेड इतका वाढवू नका की चमकणारा भाग नुसता पांढरा पडेल. साध्या ८ बिटच्या फोटोत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या असतात. सगळे ठिपके शेवटच्या पायरीवर जाऊन बसले, की त्यातलं कमी कोण आणि जास्त कोण हे कायमचं गेलं.

तिसरा: पुसायचं नाही, भरायचंही नाही

आता आपण इरेजरपाशी आलो. इरेजर बुडबुडा काढतो, पण तिथे रिकामी जागा ठेवत नाही. शेजारचे ठिपके बघून तो अंदाजाने नवीन चित्र भरतो. समुद्रकिनाऱ्याच्या फोटोत चालतं हे. पण आपल्या श्रोतीचा बुडबुडा कवचाला खेटून आहे. पुसताना इरेजर कवचाच्या कडेच्या चार रेघा स्वतःच्या मनाने काढेल. आणि डायटमची ओळख कशावरून? रेघांवरून!

‘शार्प कर’ हेही तसंच. शार्पनिंग कडा ठळक करतं, जास्त केलं तर कडेला नसलेल्या रेघा उमटतात. एआय एन्हान्स तर आणखी पुढचं. चंद्राच्या फोटोत फोन स्वतःच तपशील भरतो का, यावर २०२३ मध्ये केवढी चर्चा झाली होती. चंद्र कसा दिसतो हे निदान सगळ्यांना माहीत आहे. पण खाडीतला जो डायटम आधी कुणी पाहिलाच नसेल, त्याचा तपशील एआय कुठून आणणार? दुसऱ्याच कुणाचा आणून चिकटवणार.

म्हणून मोबाइलने टिपत असाल तर ब्युटी, सीन मोड, एआय, सगळं बंद. फोनमध्ये प्रो किंवा रॉ मोड असेल तर तो वापरा. आणि ‘नेचर’ गटाच्या नियतकालिकांनी २०२३ मध्येच सांगितलंय की जनरेटिव्ह एआयने बनवलेली चित्रं, मोजके अपवाद सोडले तर, छापणार नाही.

कापणं मात्र चालतं. फोटोची कड कापून हवा तेवढा भाग दाखवा. पण गैरसोयीचं काही लपवायला कापू नका. आणि एखादा तुकडा मोठा करून दाखवला, तर तो मूळ फोटोत कुठला हे चौकोन काढून दाखवा.

चौथा: रंग कुणासाठी?

एनआयव्हीचा फोटो करडा का? कारण इलेक्ट्रॉनला रंग नसतो. आपल्याला दिसणारा प्रकाश साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा. ७५ नॅनोमीटरचा विषाणू त्याहून कितीतरी लहान, त्यामुळे तो लाल की निळा या प्रश्नालाच अर्थ नाही. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा रंगीत फोटो दिसला, की समजा रंग नंतर भरलेत. भरा, पण खाली लिहा.

फ्लुओरेसन्सच्या फोटोतही पुष्कळदा कॅमेरा कृष्णधवलच असतो. कुठल्या प्रकाशाला कुठला रंग द्यायचा हे आपण कॉम्प्युटरवर ठरवतो. मग लाल आणि हिरवा ही जोडीच का निवडायची? युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये साधारण बारापैकी एकाला लाल-हिरवा फरक नीट कळत नाही. आपल्याकडे प्रमाण काहीसं कमी, पण आहेच. तुमचा परीक्षक त्यातलाच निघाला तर? हिरव्याबरोबर लालऐवजी मजेंटा, म्हणजे राणी रंग घ्या. शिवाय प्रत्येक रंगाचा वेगळा फोटो करड्या छटांत द्या, डोळ्यांना बारकावे त्यात जास्त कळतात. फिजीमध्ये आपला फोटो रंगांधळ्या माणसाला कसा दिसेल हेही बघता येतं. करून बघा, दोन मिनिटं लागतात.

पाचवा: हा फोटो किती जणांमधला एक?

पेपरमध्ये नेहमी लिहितात, ‘प्रातिनिधिक चित्र’. अहो, पण कुणाचं प्रतिनिधित्व? शंभर पेशी बघितल्या आणि सगळ्यात देखणी छापली, तर ती प्रतिनिधी नाही, ती सौंदर्यस्पर्धेची विजेती. किती नमुने, किती स्लाइड, किती पेशी बघितल्या आणि त्यातल्या किती अशा दिसल्या, हे आकड्यांत लिहा. एनआयव्हीने ‘सात’ लिहिलं. फक्त सात! लाज वाटली नाही, लपवलं नाही. म्हणून वाचणाऱ्याला ठरवता येतं, किती विश्वास ठेवायचा.

सहावा: मूळ फाइल देवघरात ठेवा

देवघरात म्हणजे जिथे कुणी उगाच हात लावत नाही तिथे! मूळ फाइलला कधीच हात लावायचा नाही. जे काय करायचं ते कॉपीवर. आणि काय केलं हे वहीत लिहायचं: तारीख, लेन्स, झूम, कुठलं सॉफ्टवेअर, कुठला बदल.

आणि गाइडला फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवू नका, हात जोडतो. व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं. जेपेग पद्धतीत फोटोचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडून बारीक तपशील टाकून देतात. मित्राच्या लग्नाच्या फोटोत कळत नाही. डायटमच्या रेघांत कळतं. पाठवायचाच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हवर टाका. स्क्रीनशॉट तर नकोच. मायक्रोस्कोपच्या कॅमेऱ्याने फोटो काढला असेल तर त्याच्या मूळ फाइलमध्ये लेन्स, एक्स्पोजर, तारीख ही माहिती दडलेली असते. स्क्रीनशॉटमध्ये ती सगळी जाते. शेवटचा फोटो ठेवायचा तर टिफ प्रकारात ठेवा.

पेपर छापताना मूळ फोटो सगळ्यांना बघायला मिळतील असे ठेवता आले तर उत्तम. झेनोडो किंवा बायोइमेज आर्काइव्हसारख्या ठिकाणी ते फुकट ठेवता येतात.

एवढी कटकट कशासाठी?

कारण लोक चुकतात. आणि काही जण मुद्दाम चुकतात.

अमेरिकेतल्या ‘जर्नल ऑफ सेल बायोलॉजी’ने २००२ पासून, पेपर स्वीकारल्यावर त्यातला प्रत्येक फोटो तपासायला सुरुवात केली. काय निघालं? साधारण चारपैकी एका पेपरमधलं एखादं तरी चित्र नियमात बसत नव्हतं, परत करून आणावं लागलं. बहुतेकांचा हेतू वाईट नव्हता, नियम माहीत नव्हते. पण शंभरातला एखादा पेपर असाही निघाला की चित्रातल्या फेरफारीमुळे निष्कर्षच बदलत होता. तो स्वीकारलेला पेपर रद्द झाला.

पुढे एलिझाबेथ बिक नावाच्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाईंनी तर कमालच केली. १९९५ ते २०१४ मधले २०,६२१ पेपर त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी तपासले. एकच चित्र दोनदा वापरलंय का, फिरवून, उलटं करून परत चिकटवलंय का. २०१६ मध्ये दोन सहकाऱ्यांबरोबर त्यांनी निकाल छापला: ३.८ टक्के पेपरमध्ये गडबड. त्यातल्या निदान निम्म्यांत ती मुद्दाम केल्यासारखी दिसत होती.

आणि फसवणूक नसली तरी अडचण आहेच. २०२१ मध्ये ‘प्लॉस बायोलॉजी’मध्ये एक अभ्यास आला. चांगल्या चित्राच्या सगळ्या कसोट्या पाळणारे पेपर शरीरक्रियाशास्त्रात १६ टक्के, पेशीविज्ञानात १२ टक्के, आणि वनस्पतिशास्त्रात? फक्त २ टक्के. स्केल बार नाही, रंग कळत नाहीत, तुकडा कुठला ते सांगितलेलं नाही. म्हणजे मोठमोठ्या लॅबमध्येही हेच चाललंय, फक्त आपल्या कॉलेजातच नाही.

मग २०२३ मध्ये क्वारेप-लिमी या आंतरराष्ट्रीय गटाने ‘नेचर मेथड्स’मध्ये चेकलिस्टच दिल्या. तीन पायऱ्या आहेत: किमान, शिफारस केलेली आणि आदर्श. आज आपण जे बोललो त्यातलं बरंचसं किमान पायरीवरचं आहे. महागडा मायक्रोस्कोप लागत नाही त्याला.

आता बुडबुड्याचं काय?

तर भाईंदरकर मैत्रिणी, तुझं उत्तर.

तू निकाल बदलत नव्हतीस, हे मला मान्य आहे. पण वाचणाऱ्याला हे कसं कळणार? आज बुडबुडा पुसला असं एकदा कळलं, की ‘आणखी काय पुसलं?’ हा प्रश्न तुझ्या बाकीच्या प्रत्येक फोटोला चिकटणार. सेल्फीतला पिंपल पुसला तर नुकसान कुणाचं नाही, कारण त्या सेल्फीवरून कुणी काही मोजत नाही. तुझ्या फोटोवरून उद्या कुणीतरी ठरवेल की भाईंदरच्या खाडीत ही जात होती. पुढच्या वीस वर्षांत खाडी किती बदलली हे बघताना तुझा फोटो समोर ठेवेल. त्याला इरेजरने काढलेल्या रेघा मोजायला लावायच्या का?

तुझ्यापुढे तीन रस्ते आहेत. पहिला, स्लाइड परत कर. कव्हर स्लिप एका बाजूने तिरकी टेकवून हळूच सोडायची, म्हणजे हवा अडकत नाही. हा सगळ्यात चांगला. दुसरा, त्याच स्लाइडवर त्याच जातीचा दुसरा डायटम शोध. आणि तिसरा, नमुना संपला असेल, दुसरा मिळतच नसेल, तर बुडबुड्यासकट छाप. बाण काढ आणि खाली लिही, ‘उजवीकडचं काळं वर्तुळ हवेचा बुडबुडा आहे.’

आणि सिनिअरशी भांडू नकोस. त्यालाही कुणी सांगितलं नसेल. हा एपिसोड पाठव त्याला.

बाकी मंडळींनो, तुमच्या गॅलरीत मायक्रोस्कोपचा एखादा फोटो असेल तर आज रात्री उघडा आणि एवढंच बघा: त्यात स्केल बार आहे का, आणि मूळ फाइल कुठे आहे. दोन्हींचं उत्तर ‘हो, आहे’ आलं तर पाठ थोपटून घ्या. नाही आलं, तर उद्या कॉलेजात गेल्यावर पहिलं काम तेच.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत प्रश्न पाठवत राहा. आणि फोटो पाठवणार असाल तर... डॉक्युमेंट म्हणून!